ह्यांच्या नावाचा बैल

“ए ह्यांच्या नावाच्या, ऊठ! ऊठ मेल्या, उन्हं आली अंगावर!”

सासूबाई गोठ्यात बैलाच्या पाठीवर थापट्या मारत होत्या आणि मी पडवीत बाळाला मांडीवर घेऊन, तोंडात पदर कोंबून हसत होते. बैल ढिम्म. त्याचा जोडीदार बांड्या केव्हाच दारात येऊन उभा राहिला होता, कपिला गाय वासराला चाटून निघाली होती, पण ह्या महाराजांना नावानं हाक मारल्याशिवाय उठायची सवय नव्हती. आणि ते नाव घ्यायची सासूबाईंची टाप नव्हती. कारण बैलाचं नाव होतं भिवा, आणि माझ्या सासऱ्यांचं नावही भिवा.

हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी घाटावरची, जत तालुक्यातली. लग्न होऊन कोकणात ह्या कातळवाडीत आले तेव्हा हा बैल घरात होताच. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, तो बाजारातून आणला खरा, पण त्याचं नाव विचारायचं राहिलं. घरी आल्यावर त्याला राजा म्हणून पाहिलं, सोन्या म्हणून पाहिलं. बैल कान हलवेना. आठ दिवसांनी जुना मालक वाटेत भेटला, त्यानं लांबूनच “भिवाऽ” म्हणून हाक दिली, आणि बैलानं अन् आबांनी एकदम मान वळवली. अख्खी वाडी वर्षभर त्यावर हसत होती.

सासूबाईंना आम्ही सगळे आये म्हणतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी आयेनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळी चौदा वर्षांची पोर म्हणे रडायलाच लागली, तेव्हापासून तो विषयच बंद. तिची नणंद भिवंडीला राहते, तर आये भिवंडी म्हणायची नाही, “ठाण्याच्या पल्याडचं गाव” म्हणायची. पोराबाळांना “भिवू नको” म्हणायची पंचाईत, म्हणून “घाबरू नको”. आणि बैलाला “नाववाला”. “शालन, नाववाल्याला पेंड घातलीस काय गो?” असं ती पहिल्यांदा विचारायला लागली तेव्हा मला वाटलं, ही सासऱ्यांचं जेवण विचारतेय.

मी सून. सासऱ्याचं नाव मीही घ्यायचं नव्हतं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. बापाचं नाव घेऊन बैलावर खेकसायचं कसं, म्हणून तेही नुसतं “हो हो, हाऽ हाऽ” करून भागवत. राहता राहिले आबा. शेतात एकटेच “चल रे भिवा, शाबास भिवा, झोपलास काय भिवा” असं स्वतःलाच हाका मारत नांगर धरायचे. लिहायला मात्र हरकत नाही असं आयेच म्हणते, म्हणून मी इथं बिनधास्त लिहितेय.

तर त्या सकाळी हे मुक्कामाच्या गाडीवर गेलेले, आणि बैलाला उठवायला आबा घरात नव्हते. नऊ दिवस झाले होते, ते रुसून वर सड्यावरच्या मांगरात जाऊन राहिले होते.

मांगर म्हणजे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, आमच्या काजूच्या बागेतली खोपी. तीन बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि वर चार पत्रे. घरापासून लांब नाही. मागच्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लाकडी साकव ओलांडला की सरळ चढ. खालून खणखणीत हाक मारली तर वर ऐकू जाईल, एवढंच अंतर.

रुसायचं कारण माझ्या मुलीचं बारसं. पालवी झाली माहेरी, म्हणून बारसं उशिरा, दिवाळीनंतर इकडे केलं. बायका जमल्या, उखाण्यांना ऊत आला. मी दोन घेतले. मग आबाच पडवीतून आत डोकावून म्हणाले, “आज हिला सोडू नका. नात झाली. आता तरी माझं नाव घेऊ दे की!”

बायकांनी आयेला घेरलं. आये लाजली, मग वैतागली, मग तिच्या जिभेनं घात केला. म्हणाली, “घेईन की! एकदाच घेईन. आणि दोघांतला जो आधी धावत येईल, त्याला पेंड घालीन.”

हसून हसून बायका लोळल्या. आबा हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी घोंगडी उचलली, तंबाखूची चंची कनवटीला लावली आणि अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “नावानं हाक मारल्याशिवाय ह्या घरात पाय ठेवणार नाय!”

“नका ठेवू!” आये आतून म्हणाली.

तेव्हापासून मी रोज दोन वेळा डबा घेऊन चढ चढत होते. डबा भरायची आयेच. वर जास्तीचं लोणचंही तीच ठेवायची. पण हाक नाही म्हणजे नाही.

आता त्या दिवसाकडे येते. गुरं सड्यावर चरायला गेली आणि तासाभरात ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून आली. समुद्रात मोठं वादळ उठलंय, संध्याकाळच्या आत किनाऱ्याला लागेल, गुरं घराजवळ आणा, पत्र्याच्या छपराखाली कुणी राहू नका. तिसऱ्यांदा भोंगा “पत्र्याच्या छपराखाली” म्हणाला तेव्हा मी आयेकडे बघितलं. आये मांगराच्या दिशेनं बघत होती.

“आये, आबा—”

“आधी गवत,” आये म्हणाली, “चल.”

आणि मग त्या बाईनं मला जे राबवलं! मला वादळ म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आमच्याकडे वारा सुटतो, धूळ उडते, संपलं. इथं आये घराभोवती अशी फिरत होती जणू कुणी पाहुणा यायचाय आणि त्याला काहीएक हाताला लागू द्यायचं नाहीये. भात झोडून उरलेलं गवत आम्ही नुकतंच रचलं होतं, त्या अख्ख्या उडवीवर तिनं मासेमारीचं जुनं जाळं पांघरलं आणि जाळ्याच्या टोकांना चिरे बांधले. एकेक चिरा उचलताना माझं कंबरडं मोडलं. कौलांवर बांबू आडवे टाकून ते वाशांना बांधले. बियाण्याचं भात माळ्यावर. सरपण स्वयंपाकघरात. हंडे, कळश्या, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा पाण्यानं भरला. कोंबड्या डालग्याखाली झाकल्या आणि डालग्यावर पाटा ठेवला.

“पाटा कशाला गो आये? कोंबड्या काय मसाला वाटणारेत?”

“वारा आला की डालगं कोंबड्यांसकट बंदरावर जाईल. मग खा मसाला.”

गोठ्यावर पत्रे होते, म्हणून गुरं मागच्या पडवीत आणायचं ठरलं. ती पडवी दगडी भिंतीची, वर कौलं. मी कपिलेला आणलं आणि दाव्याच्या दोन पक्क्या गाठी मारल्या. आयेनं येऊन त्या सोडल्या.

“असं बांधतात काय? छप्पर पडलं तर मुकं जनावर जाईल कुठे? ही बघ. एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मार.” तिनं दाव्याला एक वळसा देऊन फास असा घातला की टोक ओढलं की मोकळं. मला ती गाठ चार वेळा करायला लावली. पाचव्यांदा जमली तेव्हा म्हणाली, “घाटावरची असून शहाणी आहेस.”

दुपारी मी डबा घेऊन वर गेले. आबा मांगराच्या दारात बसून सुपारी कातरत होते. आभाळ समुद्राच्या बाजूनं काळंनिळं झालं होतं. मी सगळं सांगितलं. भोंगा, वादळ, पत्रे.

“ऐकू आला भोंगा. बहिरा नाय मी.”

“मग चला.”

“तिनं बोलावलंय?”

“आबा, माणसाच्या जिवापेक्षा नाव मोठं आहे का?”

“चाळीस वर्षं गो,” आबा सुपारी बाजूला ठेवून म्हणाले. आवाज एकदम खाली आला. “चाळीस वर्षांत ह्या बाईनं मला हाक मारलेली नाय. ‘ऐकलंत काय’, ‘अवो’, ‘कुठे गेलात’. बैलाला कुणी ना कुणी नावानं हाक मारतो. मला नावानं हाक मारणारी माझी आवस, माझी आई होती, ती गेली. आता मीच माझं नाव घेतो, ते पण बैलासाठी.”

माझी जीभ तशी तिखट, गप्प बसवत नाही. म्हटलं, “तुम्ही आयेला काय हाक मारता?”

“अगो म्हणतो.”

“तिचं नाव काय?”

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग सुपारीकडे. “डबा ठेव आणि जा. पऱ्याला पाणी येईल.”

मी खाली आले तेव्हा पावसाचे थेंब सुरू झाले होते. आयेनं दारातच विचारलं, “येतायत?”

“नाही.”

आयेनं पालवीला माझ्या हातात देऊन मला पुढच्या खोलीत बसवलं, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबायला लावल्या आणि स्वतः मागच्या पडवीकडचं सगळं बघते म्हणाली. तासाभरात पावसाचा जोर वाढला. नारळाची झाडं वाकायला लागली. वारा समुद्रावरून सरळ डोंगराकडे चालला होता. मधेच थांबायचा, पुन्हा दुप्पट जोरानं यायचा. कुठेतरी फांदी कडाडून मोडली.

आये भिजलेल्या पदरानं तोंड पुसत आत आली.

“शालन, नाववाला आलेला नाय.”

“काय?”

“बांड्या आला, कपिला आली, वासरू आलं. नाववाला वरच राहिला. सड्यावर असेल.”

बैल मला नको नको म्हणताना आवडायला लागला होता. आबा एक वर, तो एक वर. “मी जाते,” म्हटलं.

“साकवाला पाणी लागतंय. लेकुरवाळीनं जायचं नाय.”

“मग मी इथूनच हाक मारते! नावानं मारते! जाऊ दे मेली रीत!”

“तू? सासऱ्याचं नाव?” आयेनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. मग ती दारापाशी गेली. तिनं दाराची वरची फळी उघडली, पाऊस सपकन आत आला. हात बाहेर काढून तिनं वारा कुठून कुठे जातो ते बघितलं.

“खालून वर चाललाय,” ती स्वतःशीच म्हणाली. “अजून फिरला नाय. फिरला की आवाज जायचा नाय.”

आणि ती पावसात अंगणात गेली. मी पालवीला छातीशी धरून दारात उभी. आये अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले. मग हात खाली घेतले. पुन्हा नेले. पुन्हा खाली. तिच्या मानेच्या शिरा मला दारातून दिसत होत्या. पन्नाशी ओलांडलेली बाई चौदा वर्षांच्या पोरीसारखी थरथरत होती. वारा एक क्षण पडला.

“भिवाऽऽऽ!”

आई शप्पथ सांगते, तसा आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही. एवढ्याशा बाईत तो कुठे होता देव जाणे. सगळा डोंगर त्यानं भरला.

“ए भिवाऽऽऽ! खाली येऽऽ! भिवाऽऽऽ!”

तीन वेळा मारली. मग वळली आणि तरातरा आत आली. तोंड लालबुंद, आणि काय सांगू, हसत होती. मला काय झालं कोण जाणे, मी रडायला लागले. पालवी दचकून रडायला लागली. आयेनं तिला घेतलं.

“भिवू नको गो, बाय माझी, भिवू नको,” ती म्हणाली आणि स्वतःच चमकली. मग अजून दोनदा म्हणाली, अगदी चवीनं.

मी डोळे पुसत कंदील घेऊन मागच्या पडवीत गेले. म्हटलं, गुरांना बघून यावं, बैल आला तर दार उघडं हवं. आत कपिला होती, वासरू होतं, बांड्या होता. आणि बांड्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, भुईवर आरामात बसून, डोळे अर्धे मिटून भिवा रवंथ करत होता. त्याच्या दाव्याला एका हिसक्यात सुटेल अशी गाठ होती. समोर गवताची पेंढी होती, अर्धी खाऊन झालेली.

मी तशीच परत आले. तोंड उघडलं. आये पालवीला थोपटत माझ्याकडे एकटक बघत होती.

“आये, बैल तर—”

“गप,” आये म्हणाली. “अगदी गप.”

दारावर थाप पडली तेव्हा बाहेर नुसता घोंगाट होता. आबा आत पडले असंच म्हणायला हवं. अंगावर घोंगडी, घोंगडीतून पाण्याच्या धारा, हातात माझा रिकामा डबा. डबा आणायला विसरले नव्हते! धापा टाकत उभे राहिले. आये पाठमोरी होऊन चुलीपाशी गेली.

“हाक मारलीस?” आबांनी विचारलं.

“बैलाला मारली.”

“बैलाला?”

“सड्यावर राहिला होता. आला, तुमच्या आधी.”

आबांचं तोंड जे उतरलं ते मला बघवेना. मी ओठ दातांखाली धरून उभी. ते ओल्या अंगानं मागच्या पडवीत गेले. बराच वेळ तिकडेच होते. परत आले तेव्हा चेहऱ्यावर काही कळण्यासारखं नव्हतं. पंचा मागितला, डोकं पुसलं, चुलीपाशी टेकले.

“म्हणजे पेंड त्याची,” म्हणाले. “मला काय?”

“कुळथाची पिठी आहे. भात आहे. खा,” आये म्हणाली आणि ताटात इतकं तूप ओतलं की पिठी दिसेना.

तेवढ्यात वारा फिरला. मागचं दार धाडकन उघडलं, कंदील विझला, भांडी खणखणली, पालवी किंचाळली. आबा ताट सोडून दाराला जाऊन भिडले.

“द्वारके! अडसर आण! द्वारके!”

आये जागची हलेना. हातात पळी घेऊन ती अंधारात उभी राहिली होती, चुलीच्या उजेडात तिचं तोंड मला दिसत होतं.

“काय म्हणालात?”

“अडसर गो! घर चाललंय!”

“त्याच्या आधी काय म्हणालात?”

“आये!” मी ओरडले. “अडसर!” आणि मीच तो नेऊन दिला. सून झाले म्हणून काय काय करावं लागतं माणसाला.

पुढचे दोन तास आम्ही चौघं माजघरात एकमेकांना चिकटून बसलो. वर कौलं खडखडत होती, पण बांबू धरून होते. बाहेर काहीतरी मोठं लोखंडी किंचाळत गेलं तेव्हा आये आबांचा हात धरून होती आणि आबा “द्वारके, काही नाय, द्वारके” म्हणत होते. खरं सांगू, वादळात इतकं छान मला वाटायला नको होतं.

उजाडलं तेव्हा आकाश धुऊन लख्ख झालं होतं. उडवी जाळ्याखाली जशीच्या तशी. कोंबड्या पाट्याखाली भांडत होत्या. गोठ्याचे दोन पत्रे गेले होते. आणि मांगर! वर जाऊन बघितलं तर चारही पत्रे नव्हते आणि आबा जिथं अंथरूण घालायचे तिथं छपराचं मधलं लाकूड, अख्खा आडा पडला होता. आम्ही तिघं ते बघत उभे राहिलो. मग आबा खाकरले आणि म्हणाले, “सुपारी राहिली वाटतं इथं.”

ह्याला आता सोळा वर्षं झाली. पालवी अकरावीला आहे. आये आणि आबा दोघं खुटखुटीत आहेत, भांडायला तर पहिल्यापेक्षा जास्त. मी ते गुपित पोटात ठेवलं होतं. पण गेल्या महिन्यात संध्याकाळी आबा अंगणात सुपारी कातरत बसले होते, मी जवळच तांदूळ निवडत होते, आणि मला राहवलं नाही.

“आबा, एक सांगू? त्या वादळाच्या दिवशी बैल सड्यावर नव्हताच. आयेनं आधीच आणून बांधला होता.”

मला वाटलं, म्हातारा उडेल. आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“मला ठाऊक नाय काय गो?”

“तुम्हाला? कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मागच्या पडवीत गेलो, त्याच्या पाठीवर हात फिरवला. तासभर धो धो पाऊस पडत होता. सड्यावरून आलेल्या बैलाची पाठ खडखडीत सुकी!”

मी तांदळात हात तसाच ठेवून बघत राहिले. “सोळा वर्षं! मग तुम्ही बोलला का नाही?”

“बोललो असतो तर पुन्हा हाक मारली असती काय तिनं?”

खरंच होतं. त्या दिवसापासून आये रोज दिवेलागणीला मागच्या दारी उभी राहते आणि बैलाला नावानं हाक मारते. एकदा मारली, आता कसली लाज, म्हणते. बैलही यायचा आणि कुठे बागेत असले तर आबाही यायचे.

आम्ही हे बोलतोय तोवर मागच्या दारातून आवाज आलाच.

“ए भिवाऽऽ!”

आबा काठी टेकत उठले. धोतर झटकलं, टोपी सारखी केली.

“बैलाला बोलावतेय,” ते मला म्हणाले. “बघून येतो.”

बैल मरून सहा वर्षं झाली आहेत.